गायरानावरची सभा

१६ नोव्हेंबर १९५८, रविवार

रहाटणीच्या आयाबापांनो, तुमची पोरं रोज संध्याकाळी जिथं असतात तिथं ती नसतातच, असं सरकारी कागद सांगतो. तलाठ्याच्या पंचनाम्यात लिहिलं आहे, 'गायरान पडीक, कोणाच्याही वापरात नाही.' तुमच्यातल्या प्रत्येकाचा एक तरी गुडघा त्या गायरानावर फुटला आहे. त्या गुडघ्याचा वण कागदाला दिसत नाही. पोरांनी दिवाळीत बांधलेला किल्ला अजून तिथं उभा आहे, त्यावर पेरलेले हळीव अजून हिरवे आहेत, आणि तरी तिथं म्हणे कोणी फिरकत नाही.

आज मारुतीच्या पारावर मी हे असं बोललो. मागं उभ्या असलेल्या बायका पुढं सरकल्या, म्हातारे खोकायचे थांबले. इतकं बरं बोलून झाल्यावर शेवटी काय झालं तेही लिहायला हवं. धर्माजी पाटील उठले आणि म्हणाले, "लक्ष्मणराव, भाषान झ्याक झालं. पर सायेब काय रहाटणीत ऱ्हात न्हाई. त्याला दिसंल असं कायतरी द्या."

धर्माजींचा थोरला गायरान मागणाऱ्या त्या नव्या कारखान्यातच फिटर म्हणून लागला आहे. आधी वाटलं, ही फितुरी बोलते आहे. पण बोलणं खोटं नव्हतं, आणि त्याचाच जास्त राग आला.

कारखान्याला गायरान हवं आहे ते यंत्रांसाठी नाही. साहेबांच्या बंगल्यांसाठी, आणि बंगल्यांतल्या मुलांना खेळायला मैदान असावं म्हणून. हे त्यांच्या अर्जात वाचलं तेव्हा कानशिलं तापली. म्हणजे मुलांना मैदान लागतं हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. आमच्या पोरांना लागतं हे तेवढं ठाऊक नाही.

गुरुवारी प्रांतसाहेबांपुढं सुनावणी आहे. साहेबाला दिसेल असं द्यायचं तर फोटोच द्यायला हवेत. देणार.

घरी येऊन सोजराला भाषण पुन्हा म्हणून दाखवलं. ती भाकरी थापत होती. गोजा चुलीशी बसली होती. मी सुरू केलं तशी उठून परसात गेली. नऊ वर्षांची पोर, बापासमोर तोंडातून शब्द काढत नाही. "घुमी आहे. कोणावर गेली कळत नाही," मी म्हणालो. सोजरानं भाकरी उलटली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

काल चिंचवडच्या नानासाहेबांनी कॅमेरा दिला. बेचाळीस साली येरवड्यात आम्ही एका बराकीत होतो, नाहीतर त्यांनी त्याला हातही लावू दिला नसता. दोन भिंगांचा कॅमेरा आहे. पोटाशी धरायचा आणि वरून काचेत बघायचं. काचेत सगळं उलटं. पोर डावीकडं पळालं की उजवीकडं पळताना दिसतं.

त्यांच्या स्टुडिओत मागं रंगवलेला पडदा आहे: संगमरवरी जिना, कारंजं, दोन राजहंस. चिंचवडच्या दोन पिढ्या त्या जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहून गेल्या. मी म्हणालो, "नानासाहेब, हा पडदा म्हणजे खोटेपणाचा कारखाना आहे." ते म्हणाले, "हो, पण गिऱ्हाईक त्यात खूश असतं. तुम्ही खरेपणा विकून बघा."

आज सकाळी पोरांना गायरानावर बोलावलं होतं. आमच्या गावात माणसाचा फोटो दोनदा निघतो, लग्नात आणि मेल्यावर. त्यामुळं आयांना दोनच तऱ्हा माहीत. पोरं घासून न्हाऊ घातलेली, दिवाळीचे कपडे, तेल कपाळावरून ओघळतं आहे, प्रत्येकाच्या गालाला काजळाची तीट. मी ओळीत उभी केली. कोणी तरी सांगितलं होतं की श्वास घेतला की फोटो हलतो. सगळ्यांनी छाती फुगवून श्वास धरला. एक बारकं काळंनिळं होऊन खाली बसलं. बाकीची हलली नाहीत. ती शिस्त बघून बरं वाटलं.

भागूबाईनं मात्र नातवाला, बिरूला, उभं करू दिलं नाही. "जित्या लेकराचा फोटो काडत न्हाईत," म्हणाली. "आयुष्य कमी हुतंय." या अडाणीपणाविरुद्ध मी तिथंच थोडं बोललो. ती बिरूचा हात धरून निघून गेली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज सुनावणी झाली.

प्रांतसाहेब तरुण आहेत, जाड चष्म्याचे. कारखान्याच्या वकिलानं माझे फोटो टेबलावर पत्त्यांसारखे मांडले आणि म्हणाला, "साहेब, शाळा-तपासणीचे फोटो फार छान आलेत." लोक हसले. कारकुनही हसला. मी उभा राहिलो आणि सांगितलं की भुकेलं हसतं तेव्हा पोट भरलेल्यानं घाबरावं. वाक्य चांगलं होतं, पण तिथं भुकेलं कोणीच नव्हतं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही म्हणता मुलं इथं रोज खेळतात. या बारा फोटोंत एकही मूल खेळत नाही. पोरं कुठंही नेऊन उभी करता येतात, लक्ष्मणराव. उद्या हे वकीलसाहेब तिथं बारा गाढवं उभी करतील."

"आमची पोरं गाढवं नाहीत," मी म्हणालो.

"मी कुठं म्हटलं? मी म्हणतो, उभी केलेली आहेत."

पुढची तारीख आठ डिसेंबर. तोवर काही खरं आणता आलं तर आणा, म्हणाले. खरं आणा! मी सदतीस सालापासून खरं बोलतो आहे, आणि हा माणूस मला खरं आणायला सांगतो.

परतताना बोपखेलच्या एका माणसानं एस.टी.त विचारलं, काय झालं. थेट दापोडीपर्यंत त्याला समजावून सांगितलं. तो दापोडीलाच उतरला.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज पोरांना नेहमीच्या कपड्यांत बोलावलं आणि सांगितलं, "खेळा."

ती खेळेनात. एकमेकांकडं बघत राहिली. मी म्हणालो, "विटीदांडू घ्या. तू मार. तू झेल. जोरात खेळा, हसत खेळा." मग ती परेडला खेळावं तशी खेळली. विटी उडाली ती कोणी बघितली नाही, सगळी माझ्याकडं बघत होती. मी ओरडलो, "इकडं बघू नका." जी दोन-तीन बघत नव्हती तीही वळून बघू लागली.

मग मी सांगितलं की हा तुमच्या हक्काचा लढा आहे. गायरान जाऊ द्यायचं का? ती एका सुरात ओरडली, "न्हाई." मुठी वर. काचेत बघितलं तर बाराच्या बारा मुठी नेमक्या सारख्या उंचीवर. संबंध रोल तसाच गेला.

ही पिढी लाचार आहे का? एवढं मोठं मोकळं रान, आणि एकाला स्वतःहून धावता येत नाही. कारखाना अजून आला नाही तर ही स्थिती. भोंगा वाजल्यावर काय होईल.

घरी आलो. गोजा आज पोरांत नव्हती. विचारलं, "का आली नाहीस?" तिनं जमिनीकडं बघितलं. सोजरा म्हणाली, "तुमी असल्यावर ती कुठं येती?" तिच्या बोलण्याचा रोख कळला नाही. मी तर पोरांना कधी मारत नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

नानासाहेबांनी रविवारचे फोटो तारेवर वाळत लावले होते. शेजारी ओळीत लग्नाची जोडपी. "तुमची पोरं आणि हे नवरे," ते म्हणाले, "दोघांच्या चेहऱ्यावर एकच भीती आहे."

मी म्हणालो, दोष पोरांचा आहे.

"लक्ष्मणराव, जेलमधे वॉर्डर यायच्या आधी त्याच्या बुटांचा आवाज यायचा. आठवतं? आपण लगेच कशी तोंडं करून बसायचो. तुम्ही गायरानावर पोचायच्या आधी तुमचा आवाज पोचतो."

मी उठून निघालो होतो. वॉर्डर म्हणाले मला. मी, ज्यानं त्या वॉर्डरच्या तोंडावर तीन दिवस अन्न नाकारलं. पायरीपर्यंत गेलो आणि कॅमेरा त्यांच्याच टेबलावर राहिला म्हणून परत वळावं लागलं.

ते रागावले नव्हते. चहा ठेवला होता. म्हणाले, "बसा. ऐका, आणि मधे बोलू नका. पोराच्या उंचीला उतरा. उभ्यानं काढलात की पोर बुटकं दिसतं आणि भ्यायलेलं. दुपारी बाराला जाऊ नका, डोळ्यांच्या खाचा काळ्या पडतात. उन्हं कलली की जा, ऊन त्यांच्या खांद्यावर पडेल असं बसा. मागं काय आहे ते बघा. रविवारच्या सातव्या फोटोत एकाच्या डोक्यातून बाभळ उगवली आहे. आणि एकाही पोराला नावानं हाक मारू नका. हाक मारली की पोर जातं आणि शाळेतला विद्यार्थी उरतो."

"मग ते माझ्या मनासारखं कधी करणार?"

"तुमच्या मनासारखं करायला लागलं की तो पडदाच झाला. माझ्याकडं राजहंस तरी आहेत."

२७ नोव्हेंबर, गुरुवार

रोल न घालता गेलो. बाभळीखाली मातीत बसलो. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत कोणाशी काही बोललो नाही.

याहून तीन दिवसांचा उपास सोपा होता.

पोरं आधी लांब राहिली. मग त्यांना कंटाळा आला. माझा कंटाळा येऊ शकतो हे मला नवीन आहे. कारखान्याच्या माणसांनी रोवलेले चुन्याचे दगड आहेत, त्यांच्यावरून ती उड्या मारत होती. हद्दीचा दगड हा गुलामगिरीचा पहिला दात आहे, असं एक वाक्य सुचलं. तोंडात आलेलं गिळलं. घशात बराच वेळ टोचत होतं.

भागूबाई शेळ्या घेऊन आली. मला बघून म्हणाली, "लक्षुमनभाऊ, बरं न्हाई का?"

मी मान हलवली.

"मग गप का?"

मी पुन्हा मान हलवली. ती जरा अंतरावर बसली. शेळ्या चरत राहिल्या. मी काही विचारलं नव्हतं, तरी तीच बोलली. "माझ्या तुक्याचा एक फोटो हाय. तुमीच तवा चिंचवडचा मानूस आनला व्हता. त्यात त्यो निजलाय, हार घालून. लग्नात फोटोला पैकं न्हवतं. पाच वर्सं संसार केला, पोरगं झालं, पर डोळं उघडं असलेला एक बी फोटो न्हाई. बिरू इचारतो, आजे, बा कसा दिसायचा. मी म्हनती, तुज्यावानी. त्याला पटत न्हाई."

मला उत्तर सुचलं होतं. गप्प राहायचं ठरवलं होतं म्हणून दिलं नाही. जाताना ती म्हणाली, "बिरूचा काडायचा तर पळताना काडा. उभा करून न्हाई."

मागच्या बुधवारी इथंच तिला अडाणी म्हणालो होतो. आज काय म्हणावं ते ठरत नाही. खोडून मात्र टाकणार नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

आज रोल घातला.

उन्हं नदीकडं कलली होती. किल्ल्याच्या बुरुजाआड पालथा पडलो, धोतर मातीनं भरलं. पोरं मला विसरली. हे लिहिताना अजून डिवचल्यासारखं होतं, पण खरं आहे.

बिरू सुटला तेव्हा त्याच्या पायाखालून धूळ उडाली आणि धुळीत ऊन शिरलं. तो काचेच्या कडेला येईतो थांबलो, पुढं मोकळी जागा ठेवली, तो त्या जागेत शिरणार असं वाटलं तेव्हा बटण दाबलं. दोन पोरी चिंचोक्यांवरून भांडत होत्या, डोकी इतकी जवळ की एकीची वेणी दुसरीच्या खांद्यावर. एक बारकं हद्दीच्या चुन्याच्या दगडावर बसून चड्डीतले काटे काढत होतं. त्याला या जगात दुसरं काही काम नव्हतं. हद्दीच्या दगडाला इतकं चोख उत्तर मी दहा सभांत दिलं नाही.

शेवटचा एक फोटो उरला होता. पलीकडं गायरानावरच्या मोठ्या हत्तीदगडावर काय चाललं आहे ते काचेत दिसलं आणि छाती भरून आली. एक पोर दगडावर चढून भाषण करत होतं. अंगात मोठ्या माणसाचा काळा कोट, डोक्यावर टोपी कानांपर्यंत आलेली. उजवा हात वर, डावा कमरेवर, अगदी मी ठेवतो तसा. खाली चार-पाच जण बसून ऐकत होते. वारा उलटा होता, शब्द कळले नाहीत. पण हाताच्या फेकीवरून विषय कळला. दाबलं.

माझं बोलणं वाया जात नाही तर. नानासाहेबांनी वॉर्डर म्हणावं खुशाल. पोरांनी ते मनावर घेतलं आहे, मोठी माणसं नसताना आपापसात त्याची उजळणी करत आहेत. घरी येईपर्यंत डोळे ओले होते.

माझा जुना काळा कोट खुंटीवर नाही. टोपीही सापडेना. सोजरा म्हणते, असंल कुठंतरी. या घरात वस्तू जागेवर राहत नाहीत.

३ डिसेंबर, बुधवार

नानासाहेबांनी एकेक फोटो हातात दिला. बिरूच्या फोटोला तेवढं म्हणाले, "हा मी काढला असता तर पडदा काढून टाकला असता."

शेवटचा बघून मात्र ते इतके हसले की ठसका लागला. पाणी द्यावं लागलं. मी विचारलं, हसण्यासारखं काय आहे? ते म्हणाले, "काही नाही. हाच साहेबांना पहिला दाखवा."

फोटो समोर ठेवून लिहितो आहे. उत्तम आला आहे. वक्ता पाठमोरा, अर्धाच दिसतो. श्रोत्यांतला एक आवेशानं तोंड उघडून घोषणा देतो आहे. दुसरा गुडघ्यात मान घालून विचारात गढला आहे. तिसरा दोन्ही हात कानांशी नेऊन नीट ऐकतो आहे. एक जण तर भारावून आडवाच पडला आहे. वक्ता बिरू असावा. पायात तोरड्या दिसतात. बहिणीच्या घातल्या असतील. या पोरांचं काही सांगता येत नाही.

सोजराला दाखवला. तिनं दिव्याजवळ नेला, पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ पाठ करून उभी राहिली. खांदे हलत होते. मी म्हणालो, "तुलाही भरून आलं ना?"

ती म्हणाली, "नीट बगा."

"काय बघू?"

"बिरूला बहीन हाय का?"

नाही. मग शेजारणीच्या असतील.

८ डिसेंबर, सोमवार

लिहायला हवं. सगळं लिहायला हवं.

प्रांतसाहेबांनी फोटो हळूहळू बघितले. काट्याचं पोर आलं तेव्हा थांबले, हद्दीच्या दगडावर बोट ठेवून वकिलाकडं सरकवलं. वकील म्हणाला, "लक्ष्मणराव नामवंत वक्ते आहेत. पोरं पढवून घेणं त्यांना अवघड नाही. आता खेळायला पढवली असतील."

मी उठणार तेवढ्यात साहेबांनी शेवटचा फोटो उचलला. आधी भुवया वर गेल्या. मग चष्मा काढला. मग ते हसले, मोठ्यानं, कचेरीत हसू नये तसे. फोटो माझ्यापुढं धरून म्हणाले, "हे भाषण कोणाचं चाललंय, लक्ष्मणराव?"

"माझं," मी म्हणालो. "मुलं माझ्या भाषणाचा सराव करतात."

"आणि हा जांभई देतोय?"

मी बघितलं.

"याला झोप लागलीय. यानं कानात बोटं घातलीत. हा तर मेलाच आहे." सगळी कचेरी उठून टेबलाभोवती आली होती. "आणि ही मुलगी कोण? काय हात फेकलाय. ही तुम्हाला रोज जवळून बघणारी असली पाहिजे."

तोरड्या सोजराच्या माहेरच्या आहेत. दिवाळीला गोजाच्या पायात मीच घातल्या होत्या.

मला तो फोटो फाडायचा होता. हात पुढं गेला होता. वीस वर्षं मी या माणसांसाठी घसा फोडतो आहे, आणि त्यांची पोरं दगडावर चढून माझी नक्कल करतात, मेल्याचं सोंग घेतात, आणि माझ्याच पोटची पोर माझ्या कोटात उभी राहून त्यांना हसवते. सोजराला ठाऊक होतं. नानासाहेबांना ठाऊक होतं. कदाचित सगळ्या गावाला असेल.

वकील म्हणाला, "साहेब, हा तर पोरखेळ आहे."

आणि मला कळलं की तो खरं बोलला. पोरखेळच आहे. पोरखेळ कुठं चालतो, एवढाच तर दावा होता. हात मागं घेतला. म्हणालो, "होय साहेब. लिहून घ्या. वकीलसाहेबांनी कबूल केलं, तिथं पोरखेळ चालतो."

एवढंच बोललो. खाली बसलो.

साहेब म्हणाले, "हा फोटो पढवून काढलेला नाही एवढं मी मानतो. स्वतःचं असं चित्र कोणी ठरवून काढून घेत नाही." मग गंभीर झाले. "पण फोटोवर निकाल देता येत नाही. रविवारी सकाळी मी स्वतः येतो. वर्दी नाही, स्वागत नाही. फोटोत आहे ते तिथं दिसलं तर 'वापरात नाही' हा शेरा मी माझ्या हातानं खोडतो. ओळीत उभी पोरं दिसली तर कारखान्याचा अर्ज मंजूर."

१० डिसेंबर, बुधवार

दोन दिवस घरात कोणाशी बोललो नाही. रागानं. सोजरानंही विचारलं नाही.

आज उन्हं कलल्यावर ओसरीच्या खाली, मातीत बसलो. दाराकडं पाठ. कॅमेऱ्याची भिंगं फडक्यानं पुसत राहिलो. गोजा आत होती. हाक मारली नाही.

भिंगं चारदा पुसून झाली. मग मागं पावलं वाजली. थांबली. मी वळलो नाही. मग शेजारी, हातभर अंतरावर, फ्रॉक सावरून बसल्याचा आवाज.

"दादा, ह्यात डावं उजवीकडं दिसतं व्हय?"

"होय."

तिनं काचेत वाकून बघितलं. मांजर दिसलं असावं, कारण ती हसली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "आमी सभा-सभा खेळतो. भाषान करनारा उभा ऱ्हातो, बाकीच्यांनी मेल्यावानी पडायचं. जो हसला त्यो बाद. मी सगळ्यांना बाद करती."

"कोणतं भाषण?"

"तुमचंच. सगळं पाठ हाय." आणि तिनं म्हटलं. 'रहाटणीच्या आयाबापांनो' पासून. गुडघ्याच्या वणापाशी मी जिथं थांबतो तिथंच थांबली. पण हळिवाच्या जागी तिचंच काहीतरी होतं. "हत्तीदगडामागं आमची खापरांची चूल हाय. तिथं आमी रोज भात रांदतो, मातीचा. त्यो कागदवाल्या सायबानं खाल्ला न्हाई, म्हनून त्याला वाटतं चूलच न्हाई."

मी भिंग पुसत राहिलो. वर बघितलं असतं तर ती थांबली असती.

"ते वाक्य कुठनं आलं?"

"माजंच हाय," ती म्हणाली. "तुमचं लई लांब जातं, मग पोरं खरंच झोपत्यात."

सोजरा दारात उभी होती. "आता कळलं का, कुनावर गेली ती?" म्हणाली, आणि दिवा लावायला आत गेली.

१३ डिसेंबर, शनिवार

धर्माजी पाटलांनी गायरानाच्या तोंडाशी कमान उभी केली आहे. केळीचे खुंट, पताका. उद्या साहेबांना ओवाळायला पाच सवाष्णी ठरल्या आहेत, पोरांच्या पांढऱ्या टोप्या धुऊन वाळत घातल्या आहेत, लेझीम काढलं आहे. मी तिथं पोचलो तेव्हा ते म्हणत होते, "किल्ला बी झाडून घ्या रं, घान दिसतो."

इतका राग या महिन्यात वकिलाचाही आला नव्हता. कमान मी लाथेनं पाडली. धर्माजी म्हणाले, "लक्ष्मणराव, डोकं फिरलं का? मोठा सायेब येतोय, पावन्याला रिकामं रान दाखवायचं? तुमीच पयल्यांदा नटवून वळीत उभी केली व्हती ना?"

होय, मीच केली होती. तोंडावर म्हणालो तसं. दुसरं काय म्हणणार.

मग पारावर लोक जमले, भांडण बघायला. भागूबाई बिरूचा फोटो पदरात घेऊन आली होती. कोणीतरी हाळी दिली, "चढा वर, भाऊ." मी चढलो नाही. पाराच्या खालच्या पायरीवर बसलो. जे बोललो ते इथं लिहून ठेवतो; माझ्या सगळ्या भाषणांत हे आखूड आहे, गोजानं ऐकलं तर ती आणखी छाटेल.

रहाटणीच्या आयाबापांनो, त्यांच्या कागदानं आपली पोरं पुसली. त्याचा संताप माझ्याइतका कोणाला असेल तर त्यानं पुढं यावं. पण मागच्या महिन्यात त्याच पोरांना तेल लावून, श्वास धरायला लावून, ओळीत उभं करून आपणही पुसलं. तलाठ्यानं एका ओळीत केलं, आपण बारा फोटोंत केलं. हत्तीदगडामागं एक चूल आहे. तिथं रोज मातीचा भात रांधला जातो. आपल्यातल्या एकानंही तो खाल्ला नाही. उद्या तो साहेब बघणार आहे, आणि आपण तिथं उभे राहिलो तर चुलीवर कोणी भात ठेवणार नाही.

म्हणून उद्या लेझीम नको, टोपी नको, ओवाळणी नको, माझं भाषण नको. पोरांना साहेब येणार हेसुद्धा सांगू नका. उजाडलं की दार उघडा, पोर गायरानाकडं सुटू द्या, आणि मागं बघायला जाऊ नका. दार लावून घरात बसा.